डेकवर सांडलेली हळद लाल का झाली

घर मध्य न्यू जर्सीतलं, २००१ साली बांधलेलं. मागच्या दारी १४ बाय २० फुटांचा लाकडी डेक. वरच्या फळ्या, कठड्याच्या उभ्या पट्ट्या आणि चार पायऱ्या वेस्टर्न रेड सीडरच्या. खालच्या तुळया आणि कठड्याचे खांब औषध मुरवलेल्या पाइनचे. सीडर म्हटलं की आपल्याकडे देवदार समजतात, पण हे झाड देवदाराच्या कुळातलं नाही. लाकूड हलकं, मऊ, वासाला गोड आणि टॅनिनने, म्हणजे चहा-आवळ्याला तुरट करणाऱ्या द्रव्याने, भरलेलं. या प्रकरणात पुढे जे झालं, ते बरंचसं या टॅनिनमुळे झालं.

डेकवर जुन्या तेलकट रंगाचे दोन-तीन थर होते. ठिकठिकाणी पापुद्रे निघालेले, सावलीच्या बाजूला शेवाळ. जूनमध्ये कंत्राटदार लावला. त्याने गुरुवारी कॉस्टिक सोड्याचं स्ट्रिपर, म्हणजे जुना रंग काढायचं द्रावण, फासलं, वीस मिनिटं ओलं ठेवलं, ब्रशने घासलं, पाण्याच्या फवाऱ्याने धुतलं. जुना रंग सुरेख निघाला. कॉस्टिक तेलकट थराचा साबणच करून टाकतो, म्हणून तो पाण्याबरोबर वाहून जातो. पण धुतल्यावर फळ्या उजळायच्या ऐवजी काढ्यासारख्या काळपट तपकिरी दिसायला लागल्या, आणि प्रत्येक खिळ्याखाली शाईचा ओघळ आल्यासारखे निळे-काळे डाग. मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ओलं आहे म्हणून तसं दिसतंय, शनिवारी वाळेल, शनिवारीच नवा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) मारतो. माणूस कष्टाळू, काम मन लावून केलेलं. मी मान डोलावली.

शुक्रवारी दुपारी डेक बऱ्यापैकी कोरडा झाला होता. आई सांगलीहून आली होती. मुलाचा घोटा मुरगळला होता, म्हणून तिने हळद-मिठाचा लेप गरम केला आणि उन्हात बसून लावूया म्हणून वाटी बाहेर घेऊन आली. वाटी कलंडली. तिने पांढऱ्या कागदी रुमालाने फळी पुसली आणि मला हाक मारली. रुमाल कुंकवासारखा लाल झाला होता. वाटीत उरलेली हळद मात्र पिवळीच होती.

"अरे, इथे साबण राहिलाय," आई म्हणाली. "हळदीच्या डागावर साबण लावला की असंच होतं."

मी रसायनशास्त्र शिकलो आहे, आणि तरी गुरुवारपासून त्या फळ्यांकडे बघून मला हे सुचलं नव्हतं. हळदीतलं पिवळं द्रव्य, कुर्क्युमिन, अल्कात, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या पदार्थात, लाल होतं, साधारण पीएच ८ च्या पुढे गेलं की (पीएच ७ म्हणजे मधलं, खाली आम्ल, वर अल्क). हळदीला चुना लागला की कुंकू होतं, ते याच कारणाने. म्हणजे डेक धुतलेला दिसत होता, पण लाकडाच्या आत कॉस्टिक अजून होता. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्यातला काही धुण्याच्या सोड्यात बदलला असणार, पण धुण्याचा सोडाही चांगला कडक अल्क आहे. नुसतं वाळल्याने तो कमी होत नाही.

कंत्राटदाराला फोन करून शनिवारचं काम थांबवलं. तो थोडा नाराज झाला, ते साहजिक आहे. त्याचा दिवस गेला. पण दुसऱ्या दिवशी त्या लाकडावर तेलाचा स्टेन बसला असता, तर उरलेल्या अल्काने त्या तेलाचाही साबण करायला सुरुवात केली असती. असा स्टेन नीट सुकत नाही, चिकट राहतो, आणि पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यात सोलून निघतो. मग लोक स्टेनच्या कंपनीला बोल लावतात.

आधी मोजलं

गॅरेजमध्ये डेकच्या वेळची उरलेली सीडरची एक फळी पडून होती, तिला कधी काही लावलेलं नव्हतं. तिच्यावर डिस्टिल्ड पाण्याचे थेंब टाकून पाच मिनिटांनी पीएचची पट्टी दाबली: ४ आणि ५ च्या मध्ये. निरोगी सीडर मुळात आंबटच असतं. मला डेकला जिथे परत आणायचं होतं, ती ही जागा. नळाच्या पाण्याचं ७ मला पुरणार नव्हतं.

मग डेकवर तेच केलं, चौदा ठिकाणी. मधल्या उन्हाच्या पट्ट्यात ९. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, जिथे सावली असते आणि पाणी साचतं, तिथे ११. फळ्यांच्या कापलेल्या टोकांनाही ११. लाकडाच्या नळ्या टोकाला उघड्या असतात, त्यामुळे तिथून द्रव खोलवर शिरतो आणि बाहेर यायला सर्वात जास्त वेळ लागतो. कठड्याच्या उभ्या पट्ट्यांवर ८, कारण तिथे स्ट्रिपर टिकतच नाही, ओघळून जातं.

रंग काळवंडला कसा, हे एव्हाना उघड होतं. टॅनिन अल्कात ऑक्सिडाइझ होतं आणि गडद तपकिरी होतं. खिळ्यांजवळचे निळे-काळे डाग मात्र वेगळे. तिथे लोखंड आणि टॅनिन एकत्र आलेले. लोखंडी कढईत आवळा शिजवला की काळा पडतो, हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी काळी शाई करत, ते सगळं हेच. खिळ्यांवरचा जस्ताचा थर वीस वर्षांत झिजला होता आणि आतलं लोखंड लाकडाशी भिडलं होतं.

म्हणजे दोन वेगळी कामं होती: अल्क मारणं आणि लोखंड काढणं. दुकानात दोन्हीसाठी एकच डबा मिळतो, त्यावर ब्राइटनर लिहिलेलं असतं. त्यात आम्ल असतं, बहुतेक वेळा ऑक्झॅलिक, काहींत सायट्रिक. लाकूड उजळलं की लोकांना वाटतं हे सौंदर्याचं काम आहे, हौस असेल तर करा, नाहीतर सोडून द्या. कंत्राटदाराचंही तेच म्हणणं होतं. माझं मत याच्या नेमकं उलट आहे: उजळणं ही वरकड मिळकत आहे, अल्क मारणं हे खरं काम. कॉस्टिकने सोललेल्या लाकडाला आम्ल द्यायचंच, मग वरून गडद स्टेन मारायचा असला तरी.

तीन फळ्यांची परीक्षा

शुक्रवारी संध्याकाळी भिंतीलगतच्या तीन फळ्या निवडल्या. पहिली फक्त साध्या पाण्याने पुन्हा दहा मिनिटं धुतली. दुसरीवर सायट्रिक आम्ल, तिसरीवर ऑक्झॅलिक आम्ल, दोन्ही लिटरला साधारण ३० ग्रॅम. व्हिनेगर वापरू का, असं बायकोने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. व्हिनेगर अल्क मारतं, पण ते लोखंडही विरघळवतं आणि त्यातून होणारा लोखंडाचा क्षार टॅनिनला भेटला की लाकूड आणखी काळं होतं. सुतार मुद्दाम लाकूड काळं करायला व्हिनेगरमध्ये लोखंडी काथ्या भिजवून लावतात. उघड्या खिळ्यांच्या सीडरवर ते नको.

शनिवारी सकाळी पट्ट्या लावल्या. पाण्याने धुतलेल्या फळीवर रात्री ८ आलं होतं, सकाळी पुन्हा १०. वरचा अल्क धुतला गेला आणि रात्रीत आतला वर आला. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण भरपूर पाण्याने धुतलं की झालं, हा सल्ला सगळीकडे मिळतो. पाणी पृष्ठभाग धुतं. लाकूड स्पंजासारखं आहे, आतलं ते हळूहळू सोडत राहतं. आम्ल मात्र आत शिरून तिथेच अल्काशी संयोग पावतं आणि मागे राहतो तो निरुपद्रवी क्षार, जो नंतर धुऊन काढता येतो.

सायट्रिकची फळी ६ वर आली होती, काढ्याचा रंग उतरून गव्हाळ झाला होता, पण खिळ्यांभोवती राखाडी कडी तशीच होती. ऑक्झॅलिकची फळी ५ वर, आणि कडी जवळजवळ गेलेली. ऑक्झॅलेट लोखंडाला घट्ट धरतं आणि पाण्यात विरघळणारं संयुग करतं, म्हणून डाग धुऊन निघतो. कपड्यावरचे गंजाचे डाग काढायलाही हेच वापरतात. खिळे नसते, किंवा घरात लहान मूल डेकवर रांगणारं असतं, तर मी सायट्रिक घेतलं असतं. इथे ऑक्झॅलिक.

किती घ्यायचं याचा हिशेब सोपा आहे. ऑक्झॅलिक आम्लाचे जे स्फटिक मिळतात, त्यांचे १२६ ग्रॅम ८० ग्रॅम कॉस्टिक सोड्याला पुरतात. तीन गॅलन स्ट्रिपर लागलं होतं. ते ३ टक्क्यांचं धरलं तर साधारण ३४० ग्रॅम कॉस्टिक. त्यातला मोठा भाग धुतला गेला. पाव भाग आत राहिला असं धरलं तरी १३५ ग्रॅम स्फटिक पुरे. मी १६ लिटर द्रावणाला ४८० ग्रॅम घेतले, कारण आम्लाला लोखंडाचंही काम होतं आणि बरंचसं फटींतून खाली जातं.

इथे थांबून दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. ऑक्झॅलिकचे स्फटिक दिसायला साखरेसारखे आणि पोटात गेले तर मूत्रपिंडाला घातक. डबा स्वयंपाकघरात येता कामा नये, मोजायला घरातला चमचा नको, ढवळायला वेगळी प्लॅस्टिकची बादली. रबरी हातमोजे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा. आणि हे आम्ल ब्लीचमध्ये किंवा ब्लीच मारलेल्या ओल्या लाकडावर कधीही टाकायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो. आमच्याकडे सावलीच्या बाजूला शेवाळ होतं, पण त्यावर ब्लीच मारलेलं नव्हतं हे मी कंत्राटदाराला विचारून खात्री करून घेतलं.

दुसरी गोष्ट खालच्या तुळयांची. अमेरिकेत २००३ च्या अखेरपर्यंत घरगुती बांधकामाला तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक मुरवलेलं लाकूड सर्रास वापरत. नंतर ते घरांसाठी थांबलं. आमच्या तुळया आणि खांब त्याच काळातले, तुळयांना अजून हिरवट झाक. अशा लाकडावर कॉस्टिक, ब्लीच किंवा परकार्बोनेट (ऑक्सिजन सोडणारी धुण्याची पावडर) मारलं तर आतलं क्रोमियम जास्त विषारी रूपात जाऊ शकतं, आणि ऑक्झॅलिक किंवा सायट्रिकसारखी आम्लं धातू सुटे करून बाहेर आणतात. सबंध डेकच अशा लाकडाचा असता, तर मी स्ट्रिपरही लावू दिलं नसतं, ब्राइटनरही नाही. खांबांना जुना पांढरा रंग शाबूत होता आणि कंत्राटदाराने ते सोडले होते, हे नशीब. मी त्यांना प्लॅस्टिक गुंडाळलं, तुळया आधी पाण्याने चिंब केल्या म्हणजे वरून गळणारं आम्ल त्यांत मुरणार नाही, आणि खालच्या खडीत मुलांनी पुढचे काही दिवस जायचं नाही असं सांगितलं. २००४ च्या आधीच्या डेकवर काम करणाऱ्याने पहिला प्रश्न लाकूड कुठलं हाच विचारायला हवा. गुरुवारी तो कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

रविवारची संध्याकाळ

ढगाळ दिवस मुद्दाम निवडला. उन्हात द्रावण पाच मिनिटांत वाळतं आणि वाळलेलं आम्ल काही करत नाही, फक्त पांढरे ठिपके ठेवतं. तुळस आणि कढीपत्त्याच्या कुंड्या गॅरेजमध्ये गेल्या. डेकलगतच्या हायड्रेंजियाला आधी भरपूर पाणी दिलं, कारण ओली माती आणि ओली पानं आम्ल फारसं शोषत नाहीत.

फळ्या आधी पाण्याने ओल्या केल्या. बागेतला हाताने दाब द्यायचा प्लॅस्टिकचा फवारा घेतला, धातूचा नाही. कठड्याच्या पट्ट्यांवर खालून वर मारत गेलो. वरून मारलं तर कोरड्यावर ओघळ पडतात आणि त्यांच्या रेघा राहतात. मग फळ्या, एका वेळी तीन-तीन, पूर्ण लांबीच्या, मध्ये थांबायचं नाही.

पहिल्या तीन फळ्यांवर मी गुडघे टेकून बघत बसलो. फवारा पडला त्या क्षणी काही झालं नाही. मग अर्ध्या-एक मिनिटात काढ्याचा रंग कडेने सुटायला लागला, जसा चहात दूध पडतं आणि हळूहळू पसरतं. पाच मिनिटांत फळी मधाळ झाली. लाकडाच्या रेषा, ज्या गुरुवारपासून दिसतच नव्हत्या, त्या एकेक करून वर आल्या. खिळ्याभोवतीचं निळं-काळं कडं आधी जांभळट, मग फिकट राखाडी झालं, मग मला शोधावं लागलं. आणि जिथे आईची वाटी सांडली होती, तिथला लालसर डाग डोळ्यांसमोर पुन्हा पिवळा झाला. मी आईला बोलावलं. ती वाकून बघत म्हणाली, "गेला साबण."

बोटांनाही फरक कळतो. अल्क असताना ओली फळी हातमोज्याखाली साबणासारखी बुळबुळीत लागत होती. आम्ल मुरल्यावर बोट घसरेना, फळीवर रबर किंचित करकरलं. पट्टी नसेल तेव्हा हा अंदाज उपयोगी पडतो, पण पट्टीच्या जागी नाही.

वीस मिनिटं सगळं ओलं ठेवलं, सुकताना दिसलं तिथे पुन्हा हलका फवारा. हट्टी जागी नायलॉनचा ब्रश. तारेचा ब्रश अजिबात नाही: पायऱ्यांवर कंत्राटदाराने तो वापरला होता, आणि तिथे बारीक काळे ठिपके उठले होते, तारेचे तुटलेले कण लाकडात रुतून. ते एकेक टोकदार चिमट्याने काढावे लागले, मग तिथे आम्ल.

शेवटी भरपूर पाण्याने धुतलं, नळाच्या साध्या दाबाने. सीडर मऊ असतं. प्रेशर वॉशरचा दाब वाढवला तर फळीवर खोबणी पडतात. धुताना कंटाळा करायचा नाही, कारण आम्लही मागे ठेवायचं नाही. ते सुकलं की स्फटिक होतात, पुढे घासताना त्यांची धूळ नाकात जाते आणि स्टेनही नीट धरत नाही. पाणी जड असेल तर त्यातल्या कॅल्शियमशी मिळून पांढरी भुकटीही राहते. अळूने घसा खाजतो तो याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांनी. ही भुकटी पाण्यात विरघळत नाही, ब्रशनेच काढावी लागते.

सोमवारी सकाळी पुन्हा चौदा जागा तपासल्या. उन्हाच्या पट्ट्यात ५, कठड्यावर ५ ते ६. भिंतीलगतच्या दोन फळ्यांवर आणि टोकांना मात्र ८. आईने पाण्यात कालवलेली हळद कागदावर फासून त्याच्या पट्ट्या केल्या होत्या. त्याही तिथे लालसर झाल्या आणि बाकी ठिकाणी पिवळ्या राहिल्या. मंगळवारी तेवढ्या भागाला दुसरा हात दिला. टोकांना ब्रशने तीनदा. बुधवारी सकाळी सगळीकडे ६ च्या आत.

मध्ये खिळ्यांचं काम केलं. डाग काढला तरी लोखंड तिथेच असेल तर डाग परत येणारच. वर आलेले किंवा गंजलेले बेचाळीस खिळे काढून स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावले. कॉस्टिकने लाकडाचे तंतू उभे राहिले होते, बोट फिरवलं की मखमल लागावी तसे. ते ८० नंबरच्या सँडपेपरने हलके घासले. बुधवारी रात्री पाऊस झाला. ओलावा मोजायच्या यंत्राने शुक्रवारी १९ टक्के, सोमवारी १४. पंधराच्या खाली आल्यावरच स्टेन, असं ठरवलं होतं. कंत्राटदार मंगळवारी आला आणि अर्धपारदर्शक तेलाचा स्टेन त्यानेच मारला, छान मारला.

एक तुकडा मी मुद्दाम सोडला होता. पाण्याने धुतलेल्या पहिल्या फळीचा भिंतीकडचा फूटभर भाग, ज्यावर बागेच्या सामानाची पेटी असते. तिथे आम्ल दिलं नाही, स्टेन मात्र सगळ्यांसारखाच दिला. पेटी महिनाभर बाजूला ठेवली. बाकीचा डेक तिसऱ्या दिवशी कोरडा झाला. तो फूटभर तुकडा जुलै अर्धा सरेपर्यंत हाताला चिकटत होता, रंग लगतच्या फळीपेक्षा दोन छटा काळा. पहिल्या हिवाळ्यानंतर एप्रिलमध्ये तिथला स्टेन नखाने निघाला, तर लगतच्या फळीवर पाणी अजून मोत्यासारखं थांबत होतं. कंत्राटदार शेजारच्या घरी कामाला आला होता तेव्हा त्याला दाखवलं. त्याने नखाने खरवडून पाहिलं, मग भिंतीलगतच्या बाकीच्या फळ्याही खरवडून पाहिल्या, आणि पीएचच्या पट्ट्या कुठे मिळतात ते विचारलं.

तो तुकडा मी त्या मे महिन्यात घासून, आम्ल देऊन नीट केला. आता दोन हिवाळे झाले आहेत. पायऱ्यांजवळच्या तिसऱ्या फळीवर दोन जुने खिळे राहिले होते, तेव्हा घट्ट वाटले म्हणून काढले नाहीत. त्यांच्याभोवती निळं कडं पुन्हा दिसायला लागलं आहे. सप्टेंबरमध्ये ते काढायचे आहेत.